आपल्या दोघांचा नंबर एकच निघाला

ती. दादा यांस,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. एकाच पाकिटात घातले आहेत. पटेल तो ठेवून घ्या, दुसरा परत पाठवायची तसदी नको. तब्येत कशी आहे, झोप लागते का, आणि मुख्य म्हणजे उजवा गुडघा काय म्हणतो? (गुडघ्याचं मला कोणी सांगितलं असं विचाराल. कोणी नाही. पुढे येईलच.) इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे सकाळी उठतो, सवयीने दोन कप चहा करतो, आणि मग दुसऱ्याचं काय करायचं ते न कळून तोही मीच पितो. त्यामुळे पित्त वाढलं आहे. तुमची भाची रोज फोन करून "अब्बा, जेवलात का?" विचारते. मी हो म्हणतो. काय जेवलो हे ती विचारत नाही, पोरगी आईसारखी समजूतदार आहे.

पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर बघून तुम्ही ते दोनदा उलटंपालटं केलं असेल. दरवर्षी आमच्या मशिदीच्या खुल्या दिवसानंतर तुम्हाला पत्र यायचं ते तुमच्या बहिणीचं, वळणदार अक्षरातलं. किती लोक आले, कोण काय बोललं, कोण कुठे घसरून पडलं, सगळं ती तुम्हाला लिहायची. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. पण पत्र परतही आलं नाही, आणि ती त्यालाच उत्तर समजायची. "घेतलं ना त्याने? मग झालं," म्हणायची आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण लिहायला बसायची. आता ती नाही. तेव्हा घरातल्या सगळ्या कामांसारखं हेही माझ्याकडे आलं आहे. मी जन्मभर बुटांच्या दुकानात बसलेला माणूस, पावतीपलीकडे काही लिहिलेलं नाही. गोड मानून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. ती गेली तेव्हा भाचीने तुम्हाला फोन केला होता. तुम्ही ऐकलंत आणि फोन ठेवून दिलात. आम्ही थांबता येईल तेवढं थांबलो. इमामसाहेबांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, मी दोनदा रस्त्याकडे बघितलं, आणि मग तिला नेलं. त्याचा मला राग नाही असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला, आहे. चांगला सणसणीत आहे. तिने माझ्याशी लग्न केलं म्हणून तुम्ही तिला मेलेली समजलात ते एक वेळ ठीक, पण खरोखर मेल्यावर तरी यायला काय हरकत होती? असो. हे लिहून झालं, आता पुढचं हलक्या मनाने लिहितो.

खुला दिवस म्हणजे काय हे तिने तुम्हाला दरवर्षी लिहिलं असणार, तरी तुम्ही पत्रं वाचत होता की नुसती घेत होता याची खात्री नसल्याने परत सांगतो. वर्षातून एक दिवस मशिदीची दारं सगळ्यांसाठी उघडी. कोणत्याही धर्माचा माणूस असो, धर्म नसलेला असो, नुसता पावसातून आडोशाला आलेला असो, आत या, बघा, बसा, चहा-बिस्किट घ्या, मनातलं विचारा. एका बाजूला बेघरांच्या निवाऱ्यासाठी कपडे, पांघरुणं आणि जुनी पादत्राणं गोळा करतात. एका टेबलावर आमचे सुलेखनवाले बसतात, बोरूने तुमचं नाव अरबी अक्षरांत लिहून देतात. ही सगळी कल्पना मूळ तिची. कमिटीपुढे उभी राहून म्हणाली होती, "ज्यांना आत यायचं असतं पण पाय उचलत नाही, त्यांच्यासाठी आपण काय करतो?" सगळ्यांना वाटलं, ती गल्लीतल्या शेजाऱ्यांबद्दल बोलते आहे. मलाही तसंच वाटलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला.

आणि दरवर्षी तिने स्वतःकडे एकच काम घेतलं, चपला सांभाळायचं. आत येणाऱ्याने पादत्राणं दाराशी काढायची आणि ती दाराशीच एका बुटक्या स्टुलावर बसलेली. टोकन नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. माणूस बाहेर आला की त्याच्या तोंडाकडे बघून बरोब्बर त्याचीच जोडी पुढे करायची. लोक तोंडात बोटं घालायचे. मी म्हणायचो, "बुटवाल्याची बायको आहे, संगतीचा गुण." ती हसायची, पण नजर दारातून हलवायची नाही.

यंदा बैठकीत चपलांचा विषय निघाला. तिच्या स्टुलाचा विषय कोणी काढावा हाच प्रश्न होता. शेवटी आमचे अध्यक्ष (पेशाने दातांचे डॉक्टर, स्वभावानेही, कुठे दुखतं आहे ते शोधून तिथेच दाबतात) म्हणाले, "यंदा टोकन ठेवू या." मला काय झालं कोण जाणे, मी ताडकन उठलो. म्हटलं, ज्याचा जन्म बुटांत गेला त्याच्यासमोर टोकनचं नाव काढता? नुसता वास घेऊन सांगेन कोणाचा बूट ते. कोणीतरी "नको, आता या वयात..." असं काहीतरी पुटपुटलं, त्यामुळे मी आणखीच पेटलो. खरं कारण एवढंच होतं, दादा, की त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं मला बघवलं नसतं.

तर त्या दिवशी मी सकाळीच जाऊन बसलो. स्टूल इतकं बुटकं की गुडघे कानांशी आले. मी नवे बूट घालून गेलो होतो, दुकान बंद केलं तेव्हा स्वतःसाठी ठेवलेली शेवटची जोडी, काळी, लेसची. तीही काढून मांडणीवर ठेवली. लोक यायला लागले. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई आल्या, चर्चचे फादर आले, बसचे दोन ड्रायव्हर आले, कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर बसवून डोकावून घेतलं. पहिल्या दहा-बारा जोड्या मी नीट लक्षात ठेवल्या. मग एकदम घोळका आला. कोणीतरी वाकून म्हणालं, "भाभी नाहीत ना या वर्षी, चुकल्यासारखं वाटतं." त्यानंतर मला पुढचं धड दिसेना. चष्मा काढून पुसला, परत लावला, तरी तेच. तेव्हा मी मान खाली घातली आणि हातांना काम दिलं. आणि हातांनी, दादा, जे जन्मभर केलं तेच केलं.

म्हणजे काय, तर त्यांनी सगळा माल नंबरवारीने लावला.

सातचे सात नंबरात, आठचे आठात, नऊचे नऊत. त्यात पुन्हा लेसचे वेगळे, बिनलेसचे वेगळे, काळे एकीकडे, तपकिरी एकीकडे. बायकांच्या सॅंडल वरच्या फळीवर, टाचा एका रेषेत. लहान मुलांचे खाली, हाताला येतील असे. काय देखणी मांडणी झाली होती म्हणून सांगू! येणारे जाणारे थांबून बघत होते. एक ड्रायव्हर तर मला विचारून गेला, "हे काळे कितीला?" आणि मी (देव माझं रक्षण करो) त्याला म्हणालो, "घालून तर बघा." तासाभराने भानावर आलो तेव्हा माझ्यासमोर बुटांचं उत्तम चाललेलं दुकान उभं होतं, आणि कुठला बूट कोणत्या माणसाचा हे सांगणारा जगात कोणी नव्हता. काळ्या लेसच्या आठ नंबरचीच एक लांबलचक रांग, सगळे एकमेकांचे जुळे भाऊ. माझी पाचावर धारण बसली. इमामसाहेबांना हळूच खुणावलं, म्हटलं, आतला कार्यक्रम जरा लांबवा. त्यांनी विचारलं, किती? म्हटलं, जमलं तर कायमचा.

आत कार्यक्रम मात्र छान चालला होता. तुम्ही नव्हता, त्यामुळे सांगावं लागतं. इमामसाहेबांनी प्रश्नांसाठी एक डबा ठेवला होता. त्यांची तयारी मोठी, रात्रंदिवस वाचन करून बसले होते, अवघडातल्या अवघड प्रश्नाला उत्तर तयार. डबा उघडला तर पहिला प्रश्न, गालिचा कुठून घेतला? दुसरा, कोणत्या साबणाने धुता? तिसरा फादरांचा होता, की इतक्या वेळा वाकून कंबर दुखत नाही का? इमामसाहेब म्हणाले, दुखते. फादर म्हणाले, आमचे गुडघे दुखतात. त्यावर ते दोघे मलमांच्या विषयावर जे बसले ते बसलेच. मला वाटतं, दोन धर्मांत इतका मनापासून संवाद आमच्या भागात कधी झाला नसेल.

अध्यक्षांनी रक्तदाब तपासायचं टेबल मांडलं होतं. पण त्यांना सगळा गाव दातांचे डॉक्टर म्हणून ओळखतो, त्यामुळे जो खुर्चीत बसे तो आधी आ करी. दंडाला पट्टा, तोंड उघडं. मास्तरीणबाईंचा रक्तदाब इतका आला की अध्यक्षच घाबरले. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला बघूनच वाढतो तो. मागच्या वेळी दाढ काढलीत ती विसरले नाही मी." सुलेखनवाल्यांपुढे सगळ्यात लांब रांग. बायका आपलं नाव, नवऱ्याचं नाव, मुलांची नावं लिहून घेत होत्या. एका ड्रायव्हरने बसचा नंबर लिहून घेतला. आणि एका वयस्कर गृहस्थांनी म्हणे 'मुंगी' एवढाच शब्द लिहून मागितला. सुलेखनवाले नंतर मला सांगत होते, "आजवर कोणी किड्याचं नाव लिहून घेतलं नव्हतं, मला वाटलं थट्टा करतायत. पण गृहस्थ हसले नाहीत. कागद वाळेपर्यंत उभे राहिले, फुंकर घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला."

मग तो प्रसंग आला. कार्यक्रम संपला आणि माणसांचा लोंढा बाहेर पडला. प्रत्येकजण तिच्या सवयीने माझ्यासमोर तोंड घेऊन उभा राहिला, की हा आता आपली जोडी पुढे करणार. मी नुसता तोंडांकडे बघतो आहे. शेवटी म्हटलं, "नंबर सांगा." लोकांना वाटलं, टोकनचा नंबर. त्यांनी खिसे चाचपले. मी म्हटलं, पायाचा नंबर! त्यावर अर्ध्या लोकांना आपल्या पायाचा नंबर माहीत नाही असं निघालं (हे मला दुकानातही आयुष्यभर दिसलं, माणसाला दुसऱ्याची सगळी मापं ठाऊक, आपलं माहीत नसतं). मग मी काय करणार? एकेकाला खाली बसवला, पाय हातात घेतला, नंबर ओळखला आणि त्या नंबरचे बूट घालून बघायला लावले. "चावतोय का? चालून बघा जरा. अंगठ्याला जागा आहे का?" सवय, दादा, सवय! आणि गंमत म्हणजे चार-पाच जणांना आपले नसलेले बूट जास्त बरे बसले आणि ते तसेच घालून चालू लागले.

एवढ्यावर भागतं तरी ठीक होतं. पण निवाऱ्याची गाडी आली होती, आणि जुन्या पादत्राणांचा ढीग माझ्या मांडणीला खेटूनच ठेवला होता. गाडीवाल्याने ढीग उचलला तो उचलला, वर शेजारची एक फळीही रिकामी केली. त्या फळीवर अध्यक्षांचे बूट होते, चकचकीत, महागडे, आरशासारखे. ते आता निवाऱ्यातल्या कोणाच्या तरी पायात आहेत. अध्यक्ष परत मागायला गेले होते. तिथे एक म्हातारा ते घालून इतक्या ऐटीत येरझाऱ्या घालत होता की अध्यक्षांचीच जीभ रेटेना. "छान दिसतात," एवढंच म्हणाले आणि परत आले. त्या दिवसापासून माझं त्यांच्याबद्दलचं मत सुधारलं आहे. त्या संध्याकाळी मात्र ते, फादर आणि दोन्ही ड्रायव्हर नमाजाआधी हातपाय धुतात तिथल्या निळ्या रबरी सपाता घालून घरी गेले. चौघे एका रांगेत, पचक पचक वाजवत. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मग पुसता पुसता खरंच रडू लागल्या. म्हणाल्या, "ती असती तर हे झालं नसतं हो." मी म्हटलं, नसतं झालं.

ते माझ्या अगदी वर्मी लागलं. सगळे गेल्यावर मी त्या बुटक्या स्टुलावर बसून राहिलो. घरी ती नाही हे मला कळलेलं होतं. तिचा कप, तिचा पदर अडकायचा ती खुंटी, तिची बाजू, सगळीकडे ती नाही हे मी एकेक करून बघून घेतलं होतं. पण तिचं एवढं साधं कामही मला येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मी तिला संगतीचा गुण म्हणायचो! लोकांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी काही मिळालं असतं.

तर असा यंदाचा खुला दिवस. तिने लिहिला असता तर यापेक्षा नेटका लिहिला असता, आणि माझी फजिती जरा कमी करून सांगितली असती. घरातल्या सर्वांना माझा सलाम-नमस्कार सांगा. पत्राचं उत्तर यावं अशी अपेक्षा नाही, परंपरा मोडायला नको. नुसतं घेतलंत तरी पोचलं असं समजेन.

तुमचा,
(काय लिहू? तुम्ही मला कधी कोणी म्हटलं नाहीत. बुटवाला म्हणा.)

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. सगळे गेल्यावर मांडणीवर एक जोडी उरली आणि माझी नवी जोडी गायब होती. उरलेली जोडी काळी, लेसची, आठ नंबर, फार जुनी, दोनदा तळ बदललेली. उजव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली, म्हणजे घालणाऱ्याचा उजवा गुडघा दुखतो आणि तो पाय जपून टाकतो. मी सहज डावा बूट हातात घेतला, तर जिभेच्या आतल्या बाजूला ओळखीचा पुसट शिक्का. ते बूट माझ्याच दुकानचे होते, दादा. आत बोट घालून आतला तळ उचलला, तर खाली मरून रंगाच्या चामड्याची एक पट्टी.

तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लहान आहे. लहानपणी तिचा चेंडू काढायला तुम्ही भिंतीवर चढलात आणि पडलात, तेव्हापासून. दर हिवाळ्याच्या आधी ती दुकानात यायची, आठ नंबर निवडायची आणि डाव्यात घालायला पट्टी स्वतः कापून आणायची. तुम्ही पहिल्या पगारातून तिला जी मरून पर्स घेऊन दिली होतीत, त्या पर्सची. मी ती चिकटवून द्यायचो आणि बूट तुमच्या आत्याकडे जायचे. आत्या तुम्हाला सांगायच्या की जावयाला आणले, त्याला होत नाहीत, तू घाल. आत्या गेल्या आणि तो रस्ता बंद झाला. ही त्यांतलीच शेवटची जोडी. मला वाटत होतं, तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. पण माझा गोंद पिवळा असतो, दादा, आणि त्या पट्टीला पांढरा होता. म्हणजे तळ बदलताना कोणीतरी ती काढली, आणि कोणीतरी ती मोच्याकडून परत होती तिथेच लावून घेतली. नवे बूट घ्यायला तुम्हाला काही कमी नाही. तरी तुम्ही हेच घालत राहिलात.

म्हणजे तुम्ही आला होता. वर मी 'तुम्ही नव्हता' असं लिहिलं ते तुमची लाज राखायला. माझे नवे बूट तुमच्या पायात आहेत, गर्दीत आठ नंबरच्या रांगेतून तुम्ही स्वतःच उचलले असणार. आपल्या दोघांचा नंबर एकच निघाला. ती म्हणायचीच की तुम्ही दोघं एका मापाचे, पण मला वाटायचं, हट्टाबद्दल बोलते आहे.

ता. क. दुसरा : ती दरवर्षी दाराशी चपला सांभाळायला का बसायची, ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. तुमचं तोंड इतक्या वर्षांनी ओळखू येईल की नाही याची तिला खात्री नव्हती. बूट ओळखता येणार होते. येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या ती आधी पायांकडे बघायची. त्यातून सगळ्या गावाचे जोडे तिला पाठ झाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तिने इतकी वर्षं वाट बघितली ती जोडी यंदा आली आणि माझ्या या हातांतून गेली. मी ती आठ नंबरात ठेवून दिली. मान वर करून बघितलंही नाही. तुम्ही माझ्यासमोर वाकून लेस सोडली असेल. काही बोललात का हो? 'भाभी नाहीत' म्हणणारा आवाज तुमचा नव्हता, तो सलूनवाल्याचा. पण तुम्ही जरा वेळ थांबला होता का? मला आठवत नाही, आणि ते आठवायचा प्रयत्न करण्यात माझी रात्र जाते.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा : तुम्ही तिला मुंगी म्हणायचात हे तिने मला लग्नानंतर फार उशिरा सांगितलं. मी एकदा लाडाने तसं म्हणून बघितलं तर म्हणाली, ते नको, ते दादाचं आहे. तेव्हा तो कागद तुमचाच, तो काही मी मागत नाही. पण माझे बूट मला हवेत. पोस्टाने पाठवू नका, पोस्टावर माझा विश्वास नाही. भाचीबरोबर पाठवू नका, तिच्यावरही नाही, ती तुमचीच बाजू घेईल. मशिदीत यायचीही गरज नाही. घरी या. दोन कप चहा मी रोज करतोच. मग गुडघा जपत जपत तिच्याकडे जाऊन येऊ, फार लांब नाही. माझा डावा बूट तुम्हाला सैल होत असेल, त्यात कापूस कोंबू नका, बूट बिघडतो. तिची पर्स अजून खुंटीला आहे, निम्मी उरली आहे. काल कात्री घेऊन बसलो होतो, पण कापली नाही. पायाचं माप पत्राने घेता येत नाही, दादा. माणसाला समोर बसावं लागतं.